कला आणि हुन्नर : लंडनच्या एका सभेची हकीकत

लंडन शहरांत स्ट्रँड या गजबजलेल्या रस्त्यावरून थेम्स नदीच्या अंगाला वळलें, कीं जॉन ॲडम स्ट्रीट नांवाचा एक आंखूड रस्ता लागतो. तेथें ॲडम बंधूंनीं बांधलेली व १७७४ सालीं पुरी झालेली एक इमारत आहे. तिच्या दर्शनी खांबांच्या माथ्यावर, कला आणि व्यापार यांचें येथें संवर्धन होतें अशा अर्थाचे चार इंग्रजी शब्द कोरलेले आहेत. ज्या संस्थेसाठीं ही वास्तु उभारली ती आजहि तेथेंच नांदत आहे. तिचें पुरें नांव लांबलचक आहे : ‘कला, कारखानदारी व व्यापार यांस उत्तेजन देणारी सभा’. (‘उत्तेजक’ हा शब्द आपल्याकडेहि एके काळीं फार आवडता होता, १८७५ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या वेदशास्त्रोत्तेजक सभेचें नांव वाचकांस सहज आठवेल.) १९०८ सालीं या लंडनच्या सभेस ‘रॉयल’ हें बिरुद मिळालें. तत्पूर्वींचीं दीडशें वर्षें लोक तिला नुसतें ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’ म्हणत.

या नांवांतील ‘आर्ट्स’ हा शब्द आजच्या वाचकाला चकविल्यावांचून राहणार नाहीं. आपल्याकडे ‘आर्ट्स’ म्हटलें म्हणजे कॉलेजांतील एक शाखा डोळ्यांपुढें येते, आणि तीहि बहुधा ज्याला सायन्सला प्रवेश मिळाला नाहीं त्याच्यासाठीं राखून ठेवलेली! फार तर चित्रांचें एखादें प्रदर्शन आठवतें. परंतु अठराव्या शतकांतील इंग्रजाच्या कानांस हा शब्द इतका अरुंद ऐकूं येत नसे. रंगाऱ्याची विद्या, कांच ओतण्याची रीत, घड्याळजीचें कसब आणि चित्रकाराची रेषा हीं सर्व त्या एका शब्दाच्या पोटांत सुखानें राहत. आपल्याला हें नवल वाटण्याचें कारण नाहीं. वात्स्यायनानें चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे तींत गीत, नृत्य व आलेख्य यांच्याच पंक्तीला तक्षण म्हणजे सुतारकाम, वास्तुविद्या, रत्नपरीक्षा आणि धातुवाद हीं बसलेलीं आहेत.

पुढें युरोपांत या शब्दाच्या दोन फांद्या झाल्या; एकीला वरची बैठक मिळाली, दुसरीला खालची. ही वांटणी कोणी एकानें एका दिवशीं केली नाहीं. परंतु तिच्यांतील दोन महत्त्वाचे प्रसंग या सभेच्याच छपराखालीं घडले, आणि त्यांपैकीं दुसऱ्याचा संबंध आपल्याशीं, बेळगांव व मुंबई यांच्याशीं, फार जवळचा आहे. या सभेची हकीकत मराठी वाचकांपुढें मांडण्याचें प्रयोजन एवढेंच.

संस्थापक विल्यम शिप्ले हा नॉर्दॅम्प्टन गांवीं चित्रकला शिकविणारा एक मास्तर होता. मोठा चित्रकार नव्हे, वक्ता तर मुळींच नव्हे. त्याचा भाऊ पुढें बिशप झाला. हा मात्र आयुष्यभर लहानसहान उपयुक्त योजनांच्या मागें लागलेला. उन्हाळ्यांत सरपण स्वस्त असतांना घेऊन ठेवावें आणि थंडींत गरिबांस खरेदीच्या भावानें विकावें, हा त्याचा एक उद्योग. नॉर्दॅम्प्टनच्या घोड्यांच्या बाजारावरून त्याला आपली मोठी कल्पना सुचली असें सांगतात : शर्यतीला बक्षीस लावलें कीं लोक आपोआप चांगलीं घोडीं निपजवितात, मग हुन्नराला बक्षीस लावलें तर चांगला हुन्नर कां निपजूं नये? १७५३ च्या जून महिन्यांत त्यानें या आशयाचें एक पत्रक छापलें, वर्गणी गोळा करून तींतून बक्षिसें द्यावीं असें सुचविलें, आणि तें हातांत घेऊन थोरामोठ्यांचे उंबरे झिजविले.

२२ मार्च १७५४ रोजीं कॉव्हेंट गार्डनमधील रॉथमेल याच्या कॉफीगृहांत पहिली बैठक भरली. माणसें अवघीं अकरा. पण तीं अकरा माणसें कोण होतीं तें पाहण्यासारखें आहे. फोकस्टन आणि रॉम्नी हे दोघे उमराव, वनस्पतींच्या अंगांतील रसाचा दाब मोजणारा धर्मोपदेशक स्टीफन हेल्स, सूक्ष्मदर्शकावर ग्रंथ लिहिणारा हेन्री बेकर, दुर्बिणी घडविणारा जेम्स शॉर्ट, निकोलस क्रिस्प नांवाचा एक जवाहिऱ्या, एक शस्त्रवैद्य, आणि स्वतः शिप्ले. उमराव, शास्त्रज्ञ आणि हातानें काम करणारा कारागीर एका मेजाभोंवतीं बसले आणि त्यांनीं एका कागदावर विचार केला. आपल्या चौसष्ट कला पोथींत एका पंक्तीस बसल्या होत्या खऱ्या. परंतु आलेख्य जाणणारा नागरक आणि तक्षण करणारा सुतार हे प्रत्यक्ष पंक्तीस कधीं बसले नाहींत. तेव्हां वात्स्यायनाच्या यादीचा अभिमान बाळगतांना हा भेद विसरतां येत नाहीं.

त्या बैठकींत ठरलेलीं पहिलीं बक्षिसें तीन प्रकारचीं होतीं. ब्रिटनच्या भूमींत कोबाल्ट शोधून काढील त्याला एक, मंजिष्ठेची लागवड करील त्याला दुसरें, आणि मुलांमुलींच्या चित्रांना तिसरें. आज ही जुळणी चमत्कारिक वाटते. खनिज, मुळी आणि पोरांचीं चित्रें यांचा मेळ काय? पण मेळ होता. कोबाल्टापासून चिनी मातीच्या भांड्यांवरचा व कांचेचा निळा रंग होई, आणि तें परदेशांतून, मुख्यतः सॅक्सनींतून, आणावें लागे. मंजिष्ठेपासून कापडाचा तांबडा रंग. आणि त्या भांड्यावर व त्या कापडावर वेलबुट्टी काढावयाची तर हात रेषेला बसलेला पाहिजे. चित्रकला ही अनेक धंद्यांस अवश्य आहे म्हणून तिला उत्तेजन द्यावयाचें, असें सभेनें स्वच्छ लिहून ठेवलें. चौदा वर्षांखालील गटांतलें पहिलें बक्षीस रिचर्ड कॉस्वे नांवाच्या सुमारें बारा वर्षांच्या मुलानें पटकाविलें. तो पुढें लघुचित्रांचा नामांकित चित्रकार झाला.

या सर्वांत परोपकार किती आणि व्यापारी हिशेब किती, हा प्रश्न रास्त आहे. हिशेब पुष्कळच होता. जो माल बाहेरून आणावा लागतो तो घरीं किंवा आपल्या वसाहतींत व्हावा, ही त्या काळच्या इंग्रजी राजनीतीची धांव, आणि सभेच्या बक्षिसांची दिशाहि तीच. तुर्की धर्तीचे गालिचे इंग्लंडांत विणण्यास बक्षीस लागलें आणि ॲक्समिन्स्टरच्या टॉमस व्हिटीनें तें मिळविलें. आज ‘ॲक्समिन्स्टर’ हें गालिच्याच्या एका जातीचें नांव होऊन बसलें आहे. परंतु एक नियम असा होता कीं जो या सभेला निव्वळ व्यापाऱ्यांच्या मंडळापासून वेगळें काढतो. ज्या वस्तूचें पेटंट घेतलें असेल तिला बक्षीस नाहीं! शोध लावा, बक्षीस घ्या, आणि युक्ति सर्वांस सांगून टाका, असा सौदा होता. नमुने व यंत्रांच्या प्रतिकृति सभेच्या घरांत मांडून ठेवीत. कोणींहि यावें आणि पाहावें. जवळजवळ शंभर वर्षें हा नियम टिकला.

कामाचे सहा विभाग पाडले होते : शेती, रसायन, वसाहती व व्यापार, कारखानदारी, यंत्रविद्या आणि ‘सुसंस्कृत कला’. चित्र व शिल्प हा सहांतला एक भाग. सभासदांत डॉ. जॉन्सन होते, अमेरिकेंतून बेंजामिन फ्रँकलिन होते. जॉन्सनसाहेबांची वाणी म्हणजे लंडनचा धाक. पण या सभेंत उभें राहून बोलण्याचा यत्न करितां त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, असें त्यांनींच पुढें एका स्नेह्यापाशीं कबूल केलें. मंजिष्ठा आणि नांगर यांच्यापुढें अलंकारिक इंग्रजीचा पाड लागला नसावा.

सभेच्या बक्षिसांनीं इंग्लंडांत सहा कोटींच्या वर झाडें लागलीं असें म्हणतात. गलबतांच्या लांकडाची चिंता हें त्याचें मूळ. धुराडीं झाडण्यासाठीं लहान मुलांना आंत चढवीत, ती क्रूर चाल बंद व्हावी म्हणून सभेनें यंत्राला बक्षीस लावलें, आणि १८०५ सालीं जॉर्ज स्मार्ट यानें लांब दांड्यांचा ब्रश करून दाखविला. (युक्ति सांपडली तरी चाल मोडावयास १८७५ चा कायदा उजाडावा लागला.) याच्या उलट नीरफणसाची गोष्ट. आपल्या कोंकणांत घरोघरीं काप तळून खातात तें हें फळ ताहितीहून वेस्ट इंडीजमध्यें नेण्यास सभेनें बक्षीस लावलें, आणि बंडामुळें पहिली सफर फसल्यावर दुसऱ्या सफरींत कॅप्टन ब्लाय यानें रोपें पोंचविलीं, म्हणून १७९३ सालीं त्याला सुवर्णपदक मिळालें. उद्देश काय, तर ऊंसाच्या मळ्यांतील गुलामांना स्वस्त अन्न. धुराड्यांतील पोरासाठीं हळहळणाऱ्या सभेला गुलामाच्या पोटाची काळजी मळेवाल्याच्या खर्चाच्या रकान्यांतूनच दिसली.

आतां वांटणीचा पहिला प्रसंग. लंडनमधील चित्रकारांना आपलीं चित्रें लोकांपुढें मांडण्यास जागा नव्हती. त्यांनीं सभेकडे तिचें मोठें दालन मागितलें, आणि २१ एप्रिल १७६० रोजीं तेथें प्रदर्शन उघडलें. हयात चित्रकारांनीं संघटितपणें भरविलेलें इंग्लंडांतील हें पहिलें सार्वजनिक प्रदर्शन. प्रवेश विनामूल्य, यादीची किंमत सहा पेन्स. साडेसहा हजारांवर याद्या खपल्या. एक यादी घेऊन किती जण आंत गेले याची गणति नाहीं.

गर्दी झाली आणि तंटा उद्भवला. खानसामे, मोलकरणी, मोतद्दार असले लोक येऊन दाटी करतात, तेव्हां एक शिलिंग प्रवेशमूल्य ठेवावें, असें चित्रकारांचें म्हणणें. सभेनें तें मानलें नाहीं. दुसरी खोंच याहून बारीक होती. सभेनें त्याच दालनांत बक्षीस मिळालेल्या विद्यार्थ्यांचीं चित्रेंहि लावलीं होतीं. कांहीं प्रेक्षकांस वाटलें कीं बक्षिसाचीं चित्रें म्हणजे प्रदर्शनांतलीं सर्वोत्तम! उस्तादांच्या शेजारीं उमेदवारांचा हात टांगला जावा, आणि लोकांनीं उमेदवाराला उस्ताद समजावें, हें त्यांस कसें खपावें? पुढच्याच वर्षीं बहुतेक नामांकित चित्रकार निराळे निघाले आणि स्प्रिंग गार्डन्समध्यें त्यांनीं आपलें प्रदर्शन मांडलें. १७६८ सालीं राजाश्रयानें रॉयल अकॅडमी स्थापन झाली.

चित्रकारांची बाजू अगदींच खोटी नव्हती. चित्र म्हणजे कांहीं नांगराचा नमुना नव्हे, आणि स्वतःच्या कामाचा निवाडा स्वतःच्या समव्यवसायींनीं करावा ही मागणी कोणत्याहि धंद्याला शोभणारीच. पण नव्या घरांत शिरतांच त्यांनीं दारें कशीं लावून घेतलीं तें पाहा. तांब्याच्या पत्र्यावर खोदकाम करणाऱ्यांस, ज्यांच्यामुळें चित्रकाराचें नांव गांवोगांव पोंचे, अकॅडमींत पूर्ण सभासदत्व नाहीं. तें मिळावयास एकोणिसावें शतक अर्धें संपावें लागलें. आणि अकॅडमीच्या प्रदर्शनांत भरतकाम, कृत्रिम फुलें, कागदकाम, शिंपल्यांचें काम असलीं खेळणीं घेऊं नयेत असा ठराव झाला. सुई धरणारे हात बहुतेक बायकांचे, हें वेगळें सांगावयास नको.

या फुटीनंतर सभेच्या घरांत एक मोठें चित्रकाम झालें तें जेम्स बॅरी या आयरिश चित्रकाराचें. स्वतः अकॅडमीचा सभासद असून यानें १७७७ सालीं सभेच्या दालनाच्या भिंती मोबदल्याशिवाय रंगवून देण्याचें पत्करलें. काम हातीं घेतलें तेव्हां त्याच्या खिशांत सोळा शिलिंग होते म्हणतात. दिवसां भिंत आणि रात्रीं पोटासाठीं पुस्तकविक्रेत्यांचें किरकोळ काम, असें करीत त्यानें मानवी संस्कृतीच्या प्रगतीवर सहा प्रचंड चित्रें काढलीं. त्यांतील दोन बेचाळीस-बेचाळीस फूट लांब आहेत. ऑर्फ्यूसपासून आरंभ होऊन मधें सुगीचा उत्सव व ऑलिंपियाचे विजयी वीर, आणि पांचव्या चित्रांत, या सर्वांच्या जोडीला, चक्क या सभेचा बक्षीस-समारंभ! त्यांत डॉ. जॉन्सन दोन डचेसांस मिसेस माँटेग्यूंचा कित्ता गिरविण्यास सांगत आहेत. थेम्स नदीच्या चित्रांत जलदेवतांच्या घोळक्यांत संगीतज्ञ डॉ. बर्नी पोहतांना दाखविले आहेत, आणि त्यावरून त्या काळींहि पुष्कळ थट्टा झाली. चित्रें सर्वस्वीं उत्तम आहेत असें म्हणवणार नाहीं. पण सूत कांतणें आणि अमरलोक यांना एका कथेंत ओंवणारा चित्रकार त्यानंतर त्या अकॅडमींत फारसा झाला नाहीं. १७९९ सालीं अकॅडमीनें बॅरीला काढून टाकलें. १८०६ सालीं तो वारला तेव्हां त्याचें शव या सभेच्या दालनांत, त्याच्या चित्रांमध्यें, ठेवण्यांत आलें होतें.

पुढचीं तीस-चाळीस वर्षें सभेच्या दृष्टीनें निस्तेज गेलीं. तीं सोडून देण्यास हरकत नाहीं. १८४३ सालीं राणीचे पति प्रिन्स आल्बर्ट अध्यक्ष झाले आणि १८४६ सालीं हेन्री कोल नांवाचा खटपटी सरकारी कामगार सभासद झाला. यानें टोपण नांवानें चहाच्या भांड्यांचा एक संच बनवून सभेचें पदक मिळविलें, आणि कला व कारखाना यांचें लग्न लावण्याचा ध्यास घेतला. सभेच्या लहान प्रदर्शनांतून १८५१ चें जगप्रसिद्ध महाप्रदर्शन निघालें. व्यवस्था पुढें राजनियुक्त मंडळाकडे गेली तरी बीज येथलें. पॅक्स्टनच्या कांचमहालांत साडेपांच महिन्यांत साठ लाख प्रवेश झाले. मालाचे चार वर्ग केले होते : कच्चा माल, यंत्रें, तयार माल आणि ललित कला. चौथ्या वर्गांत शिल्पाला जागा मिळाली, चित्राला चित्र म्हणून मिळाली नाहीं. तीन पिढ्यांपूर्वीं चित्रकार निघून गेले होते. आतां लग्नाच्या मांडवांत एक पक्ष आलाच नाहीं असें म्हणावें.

या प्रदर्शनांत ईस्ट इंडिया कंपनीनें हिंदुस्थानचा माल मांडला होता. नुकताच लाहोराहून नेलेला कोहिनूर पाहण्यास झुंबड उडाली आणि बहुतेकांची निराशा झाली. परंतु ओवेन जोन्ससारख्या जाणत्यांचे डोळे दिपले ते येथील कापडाच्या विणीनें व वेलबुट्टीनें. इंग्लंडच्या यंत्रांच्या मालावर नक्षी चिकटविलेली दिसते, हिंदी मालांत ती वस्तूच्या अंगची असते, असा त्यांचा अभिप्राय पडला. ज्या विणकरांचा धंदा त्याच यंत्रांनीं बसत चालला होता त्यांच्या मालाची ही वाहवा! मुंबईंत जमशेटजी जिजीभाई यांनीं एक लक्ष रुपये दिले आणि १८५७ सालीं त्यांच्या नांवाचें कलाविद्यालय निघालें, तें या हवेंत.

याच सुमारास मुंबईंत सरकारी वैद्यकखात्यांत एक तरुण आला : जॉर्ज बर्डवुड, जन्म बेळगांव, १८३२. ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्राध्यापक, विद्यापीठाचा रजिस्ट्रार, आणि मुख्य म्हणजे भायखळ्याची राणीची बाग व तेथील वस्तुसंग्रहालय यांचा एक प्रमुख प्रवर्तक. या कामांत डॉ. भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्या खांद्याला खांदा लावून तो झटला. प्रकृति ढासळल्यामुळें १८६८ सालीं तो विलायतेस परतला, आणि १८८० सालीं त्यानें हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवर जो ग्रंथ लिहिला त्यांत येथील कुंभार, विणकर, तांबट यांच्याविषयीं असें प्रेम ओसंडतें कीं आपल्यापैकींहि फार थोड्यांनीं तसें लिहिलें असेल. यंत्राच्या मालानें हे धंदे बुडूं नयेत हा त्याचा कळवळा खरा होता. पण त्याच ग्रंथांत तो सांगतो कीं पुराणांतील देवतांचीं विक्राळ रूपें उच्च कलेस अयोग्य, आणि म्हणून ललित कला या नात्यानें चित्र व शिल्प हिंदुस्थानास ठाऊक नाहींत. ज्या मुंबईंत तो चौदा वर्षें राहिला तिच्या बंदरांतून होडींत बसलें कीं घारापुरीची त्रिमूर्ति समोर येते. बुद्धिमान मनुष्याची दृष्टि एखाद्या वर्गीकरणानें कशी बांधली जाते याचें याहून ठळक उदाहरण माझ्या पाहण्यांत नाहीं.

१३ जानेवारी १९१० रोजीं सभेच्या हिंदी शाखेपुढें, कलकत्त्याच्या कलाशाळेचे माजी प्रमुख हॅवेल यांचें हिंदुस्थानांतील कलाविषयक कारभारावर व्याख्यान झालें. अध्यक्ष सर जॉर्ज बर्डवुड, वय सत्याहत्तर. अध्यक्षांनीं सांगितलें कीं आपल्या साऱ्या आयुष्यांत हिंदुस्थानांत ललित कला म्हणण्यासारखें कांहीं आपणांस आढळलें नाहीं. ध्यानस्थ बुद्धाच्या एका मूर्तीचें चित्र त्यांच्यापुढें आलें, तेव्हां निर्विकार शांतीचें प्रतीक म्हणून चरबी घालून उकडलेला पिठाचा गोळाहि इतकेंच काम देईल, असे उद्गार त्यांनीं काढले. मूर्ति जाव्हांतील बोरोबुदूरची होती!

याचें उत्तर २८ फेब्रुवारीच्या ‘टाइम्स’मध्यें आलें. रोथेनस्टाइन, वॉल्टर क्रेन, फ्रॅम्प्टन, लेथबी इत्यादि तेरा जणांनीं आपल्या सह्यांनिशीं जाहीर केलें कीं बुद्धाची ती मूर्ति जगांतील श्रेष्ठ कलाकृतींत गणण्याजोगी आहे. पुढील महिन्यांत ‘इंडिया सोसायटी’ स्थापन झाली. रवींद्रनाथांची इंग्रजी गीतांजलि १९१२ सालीं प्रथम छापली ती तिनेंच. या जयाचा आनंद आपणांस व्हावा हें योग्यच. मात्र एक गोष्ट नजरेआड करूं नये. बर्डवुड म्हणाला, हिंदी माणूस उत्तम कारागीर आहे, कलावंत नव्हे. विरोधक म्हणाले, नाहीं, तो कलावंतहि आहे. बुद्धाला खालच्या फळीवरून उचलून वरच्या फळीवर ठेवलें. फळ्या दोनच कां, हें त्या पत्रानें विचारलें नाहीं. तें विचारलें आनंद कुमारस्वामी यांनीं. सिंहलद्वीपाच्या मध्ययुगीन कलेवर त्यांनीं १९०८ सालीं ग्रंथ लिहिला, हिंदी कारागिरावर १९०९ सालीं पुस्तक लिहिलें, आणि देवमूर्ति घडविणारा व पाण्याची घागर घडविणारा यांच्यांत जातिभेद मानण्यास साफ नकार दिला. कॉव्हेंट गार्डनच्या कॉफीगृहांत १७५४ सालीं जो अर्थ गृहीत होता तोच ते निराळ्या वाटेनें मांडीत होते.

बर्डवुड १९१७ सालीं वारला. भायखळ्याचें संग्रहालय १८७२ सालीं व्हिक्टोरिया व आल्बर्ट यांच्या नांवानें उघडलें. १९७५ पासून तें डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें. आंत मुंबईच्या कलाशाळेंत घडविलेलीं मातीचीं भांडीं आहेत, बाहेर आवारांत घारापुरीचा दगडी हत्ती आहे. आणि लंडनच्या सभेनें हॅवेलचें तें व्याख्यान व त्यावरील आपल्या अध्यक्षांचें भाषण हीं दोन्हीं १९१० च्या फेब्रुवारींत आपल्या मुखपत्रांत छापून टाकलीं. पिठाच्या गोळ्याचा उल्लेखहि त्यांत जसाच्या तसा आहे.